गिटारी विकल्या आणि पैसे दिले वकिलांना

कुणी मोठा रॉक गिटारिस्ट आपला संग्रह लिलावात काढतो, पैसे दान करतो, अशी बातमी आली की आपल्याकडची चर्चा एकाच प्रश्नावर येऊन थांबते. केवढ्याला गेली? डेव्हिड गिलमोरच्या वेळीही तेच झालं. पिंक फ्लॉइडचा हा गिटारिस्ट. जून २०१९ मध्ये न्यूयॉर्कला क्रिस्टीजच्या लिलावात त्याच्या सव्वाशेच्या आसपास गिटारी एका दिवसात विकल्या गेल्या. एकूण आकडा २ कोटी १४ लाख डॉलरच्या वर. तेव्हाच्या भावाने जवळपास दीडशे कोटी रुपये. एकट्या काळ्या 'ब्लॅक स्ट्रॅट'चे ३९ लाख ७५ हजार डॉलर आले. लिलाववाल्यांचा अंदाज होता एक ते दीड लाखाचा! तोवर लिलावात कुठल्याही गिटारीला एवढी किंमत आलेली नव्हती.

आकडा सगळ्यांनी छापला. पैसा कुणाला गेला हे बहुतेकांनी शेवटच्या ओळीत उरकलं. खरी बातमी तर तिथे होती. गिलमोरने तो पैसा 'क्लायंटअर्थ' नावाच्या संस्थेला दिला. ही संस्था झाडं लावत नाही, वह्यावाटप करत नाही. ती वकिलांची संस्था आहे. पर्यावरणाच्या कायद्यावरून सरकारांना आणि कंपन्यांना कोर्टात खेचणं हाच तिचा धंदा.

आता आधी त्या गिटारीबद्दल, कारण तिच्याशिवाय हे पैसे उभेच राहिले नसते. १९७० मध्ये अमेरिकेच्या दौऱ्यात न्यू ऑर्लिन्सला पिंक फ्लॉइडचं सामान चोरीला गेलं. गिलमोरची नवी घेतलेली गिटारही गेली. म्हणून त्याने न्यूयॉर्कच्या 'मॅनीज' या दुकानातून ही फेंडर स्ट्रॅटोकास्टर घेतली. हौसेची खरेदी नव्हती, गेलेल्या हत्याराच्या जागी आणलेलं दुसरं हत्यार. 'डार्क साइड ऑफ द मून' (१९७३), 'विश यू वेअर हिअर' (१९७५), 'अॅनिमल्स' (१९७७), 'द वॉल' (१९७९) या चारही अल्बमवर ती वाजली. 'कम्फर्टेबली नंब'मधला तो सोलो तिच्यावरचाच. आणि या काळात त्याने तिला जरासुद्धा जपलं नाही. नेक किती वेळा बदलली, पिकअप बदलले, बॉडीला भोकं पाडून पुन्हा बुजवली. पुढे लाखो डॉलर देऊन वस्तू घेणाऱ्यांना सहसा ओरखडाही चालत नाही, इथे ओरखड्यांसकट किंमत आली. तिच्याबरोबर गेलेली मार्टिन डी-३५ तर त्याने १९७१ मध्ये त्याच दुकानाबाहेर रस्त्यावर एका माणसाकडून विकत घेतली होती. तिलाही १० लाख ९५ हजार डॉलर आले.

असो. वकिलांकडे येतो.

ब्रिटनमध्ये डिझेलच्या गाड्यांमुळे शहरांची हवा नायट्रोजन डायऑक्साइडच्या कायदेशीर मर्यादेबाहेर गेली होती. सरकारला ते मान्यही होतं, पण करायचं तेव्हा करू, असा सगळा मामला. क्लायंटअर्थ कोर्टात गेली. एप्रिल २०१५ मध्ये ब्रिटनच्या सुप्रीम कोर्टाने सरकारला वर्षअखेरपर्यंत नवा आराखडा आणायला सांगितलं. सरकारने आणला, तो तकलादू निघाला. २०१६ मध्ये हायकोर्टाने तो फेटाळला. पुढचाही अपुरा ठरला, २०१८ मध्ये संस्था तिसऱ्यांदा जिंकली. एकाच प्रश्नावर, त्याच सरकारविरुद्ध, तीनदा! याला पैसा लागतो हो. वकील लागतात, हवेचं मोजमाप समजणारी माणसं लागतात आणि चार-पाच वर्षं तोच विषय धरून बसण्याची ताकद लागते.

पोलंडमध्ये यांनी आणखी भारी प्रकार केला. एनेआ नावाच्या वीज कंपनीचे थोडेसे शेअर घेतले, भागधारक झाले आणि ऑस्ट्रोवेन्का इथल्या नव्या कोळसा प्रकल्पाला मंजुरी देणाऱ्या ठरावालाच आव्हान दिलं. म्हणणं एवढंच की हा प्रकल्प तोट्यात जाणार आहे, आम्ही भागधारक आहोत, आमचं नुकसान होतंय. ऑगस्ट २०१९ मध्ये, म्हणजे लिलावानंतर दीड-दोन महिन्यांत, पॉझनानच्या कोर्टाने तो ठराव अवैध ठरवला.

दरवेळी जिंकतात असंही नाही. शेल कंपनीच्या संचालकांवर असाच भागधारक म्हणून खटला केला, तो २०२३ मध्ये लंडनच्या हायकोर्टाने सुरुवातीलाच फेटाळला. दात्याच्या बाजूने विचार करा. पैसे दिले, खटला हरला, हाती काय? काहीच नाही. अशा कामाला पैसे देणं सोपं नसतं.

आमच्याकडचं दान मी इतकी वर्षं छापतोय. 'धनादेश सुपूर्द करताना' हा फोटो आठवड्याला एक तरी येतो. बसस्टँडवरच्या बाकावर सौजन्य, स्मशानभूमीतल्या शेडवर सौजन्य, वॉटर कूलर बंद पडला तरी त्याच्यावर नाव शाबूत. त्यात वाईट काही नाही. बाकावर माणसं बसतात. पण नदीतल्या वाळूउपशाविरुद्ध किंवा एखाद्या कारखान्याच्या सांडपाण्याविरुद्ध कुणी पुण्याच्या राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणात जातो, तेव्हा त्याच्यामागे कोण उभं राहतं? भरपाई मागितली नसेल तर तिथे अर्जाची फी फक्त १,००० रुपये. तेवढे कुणीही भरेल. पण वकील, पाण्याचे नमुने तपासणं, कागदपत्रांच्या प्रती, प्रत्येक तारखेला पुण्याची एसटी, बुडालेला दिवस, हे सगळं त्याच्याच खिशातून जातं. वर गावात ऐकून घ्यायचं, याला कुणाची सुपारी मिळाली? त्याच गावातला दानशूर शाळेला कमान बांधून देतो. तक्रारीच्या खर्चाला देईल का? नाही देणार. कारण समोर ज्याचं नाव असतं तो उद्या कार्यक्रमात त्याच्याच शेजारच्या खुर्चीवर बसणार असतो.

म्हणून गिलमोरची निवड मला मोलाची वाटते. त्याच्या हातात संकटातल्या मुलांचे फोटो असलेल्या शंभर संस्था होत्या. त्याने देशोदेशीच्या सरकारांना नकोशी असलेली संस्था घेतली आणि लिलावाच्या तोंडावर उघड जाहीर केलं.

आता आक्षेप. एक, हा श्रीमंतांचा आपसातला खेळ आहे. आहेच. ब्लॅक स्ट्रॅट घेणारा जिम अर्से म्हणजे इंडियानापोलिस कोल्ट्स या फुटबॉल संघाचा तेव्हाचा मालक. (त्याने हा संग्रह पुढे शहरोशहरी नेऊन लोकांना फुकट दाखवला, हेही सांगायला हवं.) पण या खेळातला पैसा तिजोरीतून तिजोरीत जाण्याऐवजी कोर्टाच्या पायरीपर्यंत पोचला असेल, तर माझी तक्रार नाही.

दोन, ज्याने आयुष्यभर ट्रकच्या ताफ्यानिशी जगभर दौरे केले, ज्याच्याकडे एके काळी जुन्या विमानांची आख्खी कंपनी होती, त्याने हवामानाबद्दल बोलावं? हा आक्षेप मला अर्धा पटतो. उरलेला अर्धा नाही, कारण हा माणूस पहिल्यांदा देत नव्हता. लंडनमधलं घर विकून आलेले सुमारे ३६ लाख पौंड त्याने बेघरांसाठी काम करणाऱ्या 'क्रायसिस'ला दिले होते. २००५ च्या लाइव्ह एटनंतर पिंक फ्लॉइडच्या जुन्या अल्बमचा खप एकदम वाढला, तेव्हा आपल्या वाट्याचा तो नफाही दान करणार असं त्याने सांगितलं होतं.

तुलना करायची तर एरिक क्लॅप्टनशी करा. १९९९ आणि २००४ मध्ये त्याने गिटारी विकल्या त्या अँटिगा बेटावरच्या 'क्रॉसरोड्स' या व्यसनमुक्ती केंद्रासाठी. हेरॉइन आणि दारू या दोन्हींतून तो स्वतः बाहेर आलेला. त्याची 'ब्लॅकी' ९ लाख ५९ हजार ५०० डॉलरला गेली. ते दान भोगलेल्या माणसाचं आहे, त्याला तोड नाही. मार्क नॉफ्लरने जानेवारी २०२४ मध्ये लंडनला लिलाव केला, ८८ लाख पौंडांच्या वर रक्कम आली. त्यातल्या हॅमर प्राइसचे, म्हणजे हातोडा पडतो त्या किमतीचे, किमान २५ टक्के तीन संस्थांना द्यायचे, हे त्याने आधीच सांगून टाकलं होतं. काहींनी नाकं मुरडली, फक्त पाव हिस्सा? मला त्यात गैर दिसत नाही. वस्तू त्याची, वाटा किती ते आधी सांगितलं, विषय संपला. उलट 'विक्रीतील काही भाग समाजकार्यासाठी' असं मोघम लिहिणाऱ्यांना विचारा की काही म्हणजे किती. लिलावघरं जो आकडा जाहीर करतात त्यात खरेदीदाराकडून घेतलेलं त्यांचं कमिशनही धरलेलं असतं, तेव्हा छापून आलेला प्रत्येक डॉलर दानातच गेला, असं आपणही डोळे झाकून लिहू नये.

राहिले ते जुने चाहते. अशी गिटार विकायची नसते, संग्रहालयात ठेवायची असते, असं ते अजून म्हणतात. पण ती १९८६ पासून दहा-अकरा वर्षं डलासच्या हार्ड रॉक कॅफेत प्रदर्शनातच होती. १९९७ मध्ये परत आली तेव्हा काही भाग गायब होते. दुरुस्त करून त्याने पुन्हा वाजवायला घेतली. लाइव्ह एटलाही तीच होती. आणि विकल्यानंतर त्याला वाजवायला हवीच असेल तर त्याच नमुन्याची गिटार फेंडर २००८ पासून बनवत होती. त्यातली एक घेतली की काम भागलं.