किरकोळ कारण

बँकेतला माणूस पंचांग वाचत नाही, सुट्ट्यांची यादी वाचतो. डिसेंबरात नव्या वर्षाचं कॅलेंडर घरात आलं, की आमची मंडळी त्यावर दुधाचा हिशेब कुठं लिहायचा ते बघतात, मुलगी स्वतःचा वाढदिवस शोधते आणि मी लाल चौकोन मोजतो. एकूण लाल चौकोन, वजा रविवारी पडलेले, बाकी निव्वळ शिल्लक. वाणिज्य शाखेची पदवी घेतल्याचा आयुष्यात झालेला हा एक रोकडा उपयोग. रविवारी येणारा सण आमच्या हिशेबी बुडीत खात्यात जमा. मग तो दसरा का असेना, आम्ही आपट्याची पानं वाटतो ती सुतकी चेहऱ्यानं!

तुम्ही म्हणाल, हा माणूस नास्तिक आहे. मुळीच नाही. माझी श्रद्धा आहे. फक्त ती १८८१ सालच्या निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अॅक्टाच्या २५व्या कलमावर आहे. त्या कलमाखाली सरकारनं जाहीर केला तो सण, बाकी सगळी घरगुती कारणं. एवढ्या पक्क्या श्रद्धेला तडा गेला तो शनिवार, १८ मे २०२४ या एका तारखेनं. त्याचीच ही हकीगत आहे. आणि थोडं भांडणही आहे. भांडण कुणाशी, ते पुढं कळेल.

जुन्नर तालुक्यातल्या आमच्या शाखेत रजेचं रजिस्टर माझ्याकडे असतं. रजा मंजूर करतात साहेब; पण अर्जावर शेरा मारून तो साहेबांपर्यंत पोचवणं, किंवा न पोचवणं, हा माझा छोटासा सुभा. तर मे महिन्यात त्या एकाच शनिवारसाठी दोन अर्ज आले. तो तिसरा शनिवार, म्हणजे कामाचा. (२०१५च्या सप्टेंबरपासून आम्हाला दुसरा आणि चौथा शनिवार सुट्टी असते. तेव्हापासून पहिला आणि तिसरा शनिवार जास्तच टोचतात.)

पहिला अर्ज आमच्या शिपायाचा. त्याला सगळी शाखा मामा म्हणते. मामा घाटघरचा. अर्जावर कारण होतं, ‘गावची यात्रा’. दुसरा अर्ज कॅशियरबाईंचा. बाई नगर जिल्ह्यातल्या एका खेड्यातल्या, ख्रिस्ती. त्यांचं कारण होतं, ‘पेंटेकॉस्ट’.

मी दोन्ही अर्जांवर सुवाच्य अक्षरात शेरा मारला, ‘कारण किरकोळ.’

“भाऊसाहेब,” मामा म्हणाला, “रजा किरकोळच मागितलीया की! मग कारण किरकोळ असलं तर काय बिघडलं?”

कॅज्युअल लीव्हला ‘किरकोळ रजा’ म्हणणाऱ्या भाषांतरकाराला मी मनात शिव्या दिल्या आणि बाईंकडे वळलो. “बाई, तुमचा सण रविवारी आहे ना? मग शनिवारची रजा कशाला?”

“भाऊसाहेब, रविवारी सकाळी उपासना, मग सगळ्या गावाचं प्रीतिभोजन. दोन-अडीचशे पानं. तुमच्या घरी कार्य असलं, तर कांदा मुहूर्तावर चिरता की आदल्या दिवशी?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. ज्याच्याकडे उत्तर नसतं तो साहेबांकडे जातो. साहेबांनी चष्म्यावरून अर्ज पाहिले आणि म्हणाले, “यात्रा? प्यायला जायचं असेल. दुसरं काय असतं यात्रेत?”

मामा काही बोलला नाही, नुसता खाली बघत राहिला. बोलल्या त्या बाई, आणि तेही त्यांचा अर्ज बाजूला ठेवून. “साहेब, आमच्या पहिल्या पेंटेकॉस्टलासुद्धा लोक हेच म्हणाले होते.”

मग कॅशची पिंजरेवजा केबिन उघडी टाकून बाईंनी जे सांगितलं ते थोडक्यात असं. ईस्टरपासून तो रविवार धरून मोजत गेलं, की पन्नासाव्या दिवशी पेंटेकॉस्ट येतो. मराठी बायबलात त्याला पन्नासावा दिवसच म्हटलंय. तो येणार १० मे ते १३ जूनच्या दरम्यान, आणि येणार रविवारीच. म्हणून लाल चौकोनात त्याची नोंदच नाही. मुळात यहुद्यांचा हा सुगीचा सण. त्या दिवशी येरुशलेमात देशोदेशींची माणसं जमली होती. येशूचे शिष्य एका घरात एकत्र बसले असताना सोसाट्याच्या वाऱ्यासारखा आवाज झाला, आगीच्या जिभांसारखं काही उतरलं आणि ते बोलू लागले. गंमत ही, की ऐकणाऱ्या प्रत्येकाला ते आपापल्या गावच्या बोलीत ऐकू आलं. तेव्हा बाजूला उभे असलेले काही शहाणे म्हणाले, हे लोक प्यायलेत! पेत्रानं उठून सांगितलं, बाबांनो, अजून सकाळचे नऊच वाजलेत.

“नऊ?” मी दचकून विचारलं. आमची शाखासुद्धा दहाला उघडते.

बाईंनी मोठा दाखला दिला होता, पण साहेब मोठ्या दाखल्यांना भीत नाहीत. बाईंची रजा कशीबशी मिळाली. कारण ३१ मार्चला, म्हणजे ऐन ईस्टरच्या रविवारी, सरकारी कामासाठी शाखा उघडी ठेवण्याचा हुकूम वरून आला होता आणि बाईंनी तो सण नोटा मोजत काढला होता. मामाची रजा नामंजूर झाली. मामानं आयुष्यात पहिल्यांदा बिनपगारी टाकली आणि शुक्रवारी संध्याकाळी एस.टी. धरली.

शनिवारी शाखेत चहा देणारं कुणी नव्हतं. मी स्वतः करून प्यायलो आणि त्या चहानं माझं बरंच मतपरिवर्तन झालं. उरलेलं रविवारी झालं. साहेब म्हणाले तसं आहे का, हे बघायला मी रविवारी सकाळी घाटघरची गाडी पकडली. बँकेच्या भाषेत, इन्स्पेक्शन!

जुन्नर सोडलं, आपटाळे गेलं, चावंड मागं पडला, आणि तिसेक किलोमीटरनंतर रस्ता सह्याद्रीच्या कड्याशी येऊन संपतो तिथं घाटघर. डोक्यावर जीवधन किल्ला, पलीकडे नाणेघाट, खाली सरळ कोकण. वस्ती बरीचशी महादेव कोळ्यांची. पावसाळ्यात इथं ढग घरात शिरतात आणि मे महिन्यात बायांचा हंडा लांब लांब जातो. पोटाला भात आणि नाचणी. रोख पैसा उन्हाळ्यात झाडावरून उतरवलेल्या बाळहिरड्याचा. बाकीचे दिवस अर्धं गाव पूर्वेला नारायणगावच्या बाजूला मजुरीत आणि उरलेलं मुंबईत. म्हणजे गावाचं मुद्दल सगळीकडे विखुरलेलं. वर्षातून एकदाच खातं जुळतं, ते यात्रेला.

गावात शिरण्याआधी नाणेघाट पाहून घेतला. घाटाच्या तोंडाशी दगडी रांजण आहे. सातवाहनांच्या काळी येणारे-जाणारे व्यापारी त्यात जकात टाकत, असं सांगतात. ना काउंटर, ना स्लिप, ना ‘लंच टाइम’ची पाटी. शेजारच्या लेण्यात राणी नागनिकेचा दोन हजार वर्षांपूर्वीचा ब्राह्मी लेख आहे. कोणत्या यज्ञाला किती गाई दिल्या, किती घोडे, किती कार्षापण नाणी, सगळं आकड्यांनिशी. मी भारावून उभा राहिलो. हा तर यात्रेचा जमाखर्च! राणीनं लेण्यात यज्ञ कोरले आणि त्यांवरचा खर्चही कोरला. ‘कारण किरकोळ’ असा शेरा मात्र कुठं दिसला नाही.

गावात आलो तर मामा दिसेना. दिसला तो पालखीखाली. पुढच्या दांड्याला एका बाजूनं मामा, दुसऱ्या बाजूनं तस्साच दिसणारा दुसरा माणूस, फक्त अंगात मुंबईची पँट.

“तो मामाचा धाकटा भाऊ,” शेजारच्या म्हातारीनं मला सांगितलं. “जिमिनीवरनं चार सालं बोलत नव्हतं दोगं. पर पालखीचा मान दोगांचा हाये. एकट्याला उचलताच येत न्हाई. एक आला नसता, तर दुसरा माघारी गेला असता.”

मी गप्प झालो. रजेच्या अर्जात कारणासाठी एकच ओळ असते, वाचकहो. त्या ओळीत भाऊ मावत नाही.

मग मी कान उघडे ठेवून हिंडलो. मुंबईहून आलेली पोरं बंबय्या हिंदीत बोलत होती, त्यांची पोरं इंग्रजी शाळेतलं काहीतरी, म्हाताऱ्या त्यांच्या कोळी बोलीत आणि मी माझ्या सर्क्युलरी मराठीत. कुणाचं कुणावाचून अडत नव्हतं. मंडपात चुलीवर आमटी रटरटत होती, बाया तांदळाच्या भाकरी थापत होत्या. एका कोपऱ्यात लग्न ठरत होतं, दुसऱ्या कोपऱ्यात बांधाचं भांडण मिटत होतं. कुणी प्यायलं होतं का? सत्य सांगितलं पाहिजे. दोघे प्यायले होते. शाखेच्या मागच्या निरोपसमारंभात याहून जास्त होते आणि त्यांपैकी एकानं भाषण केलं होतं.

आता भांडण. ते तुमच्या-माझ्याशी आहे, शिकल्या-सवरल्या, पगारदार, लाल चौकोनवाल्या लोकांशी. आपण समजतो की सण सुट्टीमुळं जगतो. इंग्लंडकडे बघा. तिकडच्या खेडोपाडीच्या अँग्लिकन देवळांत पेंटेकॉस्टला व्हिटसन म्हणतात. जुन्या काळी त्या वेळी गावकरी चक्क बिअर गाळून विकत आणि नफ्यातून देवळाची डागडुजी करत. (साहेबांना हे सांगितलेलं नाही.) पायांत घुंगरू बांधून मॉरिस नाच चाले. ग्लॉस्टरशायरात एका टेकडीवरून चीजचं चाक सोडून त्याच्यामागं धावत हातपाय मोडून घेण्याची प्रथा आहे, ती याच व्हिटसनच्या सोमवारची. १८७१ साली लबक नावाच्या बँकरनं कायदा करवून घेतला आणि तो सोमवार बँक हॉलिडे झाला. आमच्या व्यवसायाचा केवढा सन्मान! पण सण पडला फिरता, कधी मेमध्ये, कधी जूनमध्ये. सरकारला हे गैरसोयीचं वाटलं. १९७१च्या कायद्यानं सुट्टी मेच्या शेवटच्या सोमवारच्या खुंट्याला बांधली आणि व्हिटसन मोकळा सोडून दिला. सुट्टी राहिली, तिच्या नावातून सण गेला. चीजसुद्धा आता सुट्टीच्याच मागं धावतं.

बाईंच्या खेड्यात उलट आहे. सुट्टी कधी मिळालीच नाही, म्हणून सण सुट्टीच्या भरवशावर राहिला नाही. त्यांचं देऊळ मूळचं अँग्लिकन. १९७० साली नागपूरला सहा पंथ एकत्र येऊन उत्तर भारताची मंडळी, म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, झाली, तेव्हा तेही त्यात गेलं. “विलीनीकरणानंतर काय बदललं?” मी व्यावसायिक कुतूहलानं विचारलं होतं. “पाटी,” बाई म्हणाल्या. १ एप्रिल २०२०ला दहा सरकारी बँकांच्या चार झाल्या, तेव्हा पाटी, पासबुक, चेकबुक, कोड सगळं बदललं होतं आणि गिऱ्हाईक तेवढं जुनं राहिलं होतं, वैतागलेलं. बाईंच्या गावात मात्र उन्हाळ्यात पोरांची बायबलशाळा भरते, पुण्या-मुंबईची लेकरं आजोळी येतात, तरुण मंडळी मांडव घालतात, पेटी-तबल्यावर भजनं होतात आणि प्रीतिभोजनाला पाळकसाहेबांपासून परधर्मीय शेजाऱ्यांपर्यंत सगळे एका पंगतीत बसतात.

आणि आपण? गेल्या साली आमच्या लोकांना दोन दिवस एका रिसॉर्टवर ‘संघभावना’ शिकायला पाठवलं होतं. ड्यूटीवर धरून, भत्त्यासकट! एका टायवाल्या तरुणानं आम्हाला हनुवटीखाली फुगा धरून तो शेजाऱ्याच्या हनुवटीखाली द्यायला लावला. एकत्र कसं यायचं हे शिकायला पगारी रजा. आणि जो खरोखर एकत्र यायला जातो, तो बिनपगारी! हा जमाखर्च कुठल्या लेण्यात कोरून ठेवायचा?

बरं, ज्या रविवारवर आपण पाय पसरून झोपतो, तो तरी आपल्याला कुणी दिला? पुणे जिल्ह्यातल्याच कन्हेरसरच्या नारायण मेघाजी लोखंड्यांनी गिरणी कामगारांसाठी झगडून १० जून १८९०ला तो मिळवला. आणि मागताना एक कारण काय दिलं? रविवार हा खंडोबाचा वार आहे. म्हणजे आपली हक्काची सुट्टीसुद्धा एका ‘गावच्या यात्रे’वरच उभी आहे. त्या अर्जावर शेरा मारायला माझ्यासारखा कारकून बसला असता, तर आज आपण रविवारीही कामावर असतो.

सोमवारी मामा कामावर आला. चहा ठेवला, आणि पिशवीतून मूठभर हिरडा काढून माझ्या टेबलावर ठेवला. “भाऊसाहेब, पोटाला चांगला असतो. साफ होतं सगळं.” त्यात टोमणा होता की प्रेम, ते मी विचारलं नाही. रोज रात्री घेतला. गुण आला.

२०२५ साली पेंटेकॉस्ट ८ जूनला आला. आदल्या शनिवारी बकरी ईदची सुट्टी निघाली, त्यामुळं बाईंना अर्जच करावा लागला नाही. एका देवाच्या खात्यातून दुसऱ्या देवाच्या खात्यात अशी परस्पर वर्ग झालेली रक्कम मी नोकरीत प्रथमच पाहिली.

मामाचा अर्ज मात्र आला. कारणाची ओळ त्यानं कोरी सोडली होती. “तुमीच भरा भाऊसाहेब, किरकोळ का काय ते.”

मी लिहिलं, ‘गाव.’ पुढं शेरा मारला, ‘कारण पुरेसे.’ आणि साहेबांनी चष्म्यावरून वर बघायच्या आत, त्याच शनिवारसाठी माझाही अर्ज त्याच्याखाली सरकवला.