धुराला गुण नाहीत

आशाताई घरोघर फिरून तिशीपुढच्या माणसांचा जो तक्ता भरतात, तो एकदा नीट वाचून पाहावा. वय, तंबाखू, दारू, कमरेचा घेर, व्यायाम, घरातले आजार, प्रत्येकाला गुण ठरलेले आहेत. बेरीज चारच्या वर गेली की त्या माणसाला तपासणीसाठी आधी बोलवायचं. पुढे स्वयंपाकाला काय जाळता, हेही विचारलेलं आहे: लाकूड, गोवऱ्या, काडीकचरा, रॉकेल की गॅस. पण त्या उत्तराला गुण नाहीत. खूण करायची आणि पुढे जायचं.

त्यामुळे विडीला कधी हात न लावलेली, पण लहानपणापासून चूल फुंकणारी बाई बेरजेत मागेच राहते. दवाखान्यातही तेच. ‘विडी-सिगारेट?’ ‘नाही.’ विषय संपला. पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि पीटर बार्न्स यांनी धूम्रपान न करणाऱ्यांच्या सीओपीडीबद्दल, म्हणजे श्वासनलिका कायमच्या अडवणाऱ्या आजाराबद्दल, ‘लॅन्सेट’मध्ये सविस्तर लिहिलं ते 2009 साली. उज्ज्वला योजना 2016 ची. सिलिंडर आला, तरी भाकरी आणि अंघोळीचं पाणी अनेक घरांत चुलीवरच राहिलं; आणि आधीच्या वर्षांचा धूर छातीतून कोण काढणार?

खोकला दोन आठवड्यांवर गेला की क्षयासाठी थुंकी तपासतात, ते योग्यच. ती निगेटिव्ह आली की मात्र हातात खोकल्याची बाटली. एक्स-रे सुरुवातीला बहुधा स्वच्छ दिसतो, म्हणून डॉक्टरही निर्धास्त. बाई चढावर थांबते, हंडा अर्धाच भरते आणि वय झालं म्हणते. चाळिशीत!

नेमकं सांगणारी तपासणी आहे स्पायरोमेट्री. पंपाने औषध द्यायचं, मग छाती भरून घेतलेला श्वास नळीत जोराने, शेवटपर्यंत सोडायला लावायचा. पहिल्या सेकंदात एकूण हवेच्या 70 टक्क्यांहून कमी हवा बाहेर पडली, तर श्वासनलिका अडलेल्या आहेत. झालेलं नुकसान भरून येत नाही. पण धूर तुटला, पंप वेळेवर सुरू झाला तर धाप आवरते. (पंपाची सवय लागते, ही भीती घालणारे शेजारी वेगळेच.)

म्हणून गणेश मंडळांनी आता बीपी-शुगरच्या शिबिरात दिसेल त्याला नळी फुंकायला लावावी असं नाही. काही त्रास नसलेल्यांची सरसकट तपासणी करू नये, हा अमेरिकेतल्या तज्ज्ञ गटाने 2022 मध्ये कायम ठेवलेला सल्ला आम्हाला पटतो. तपासायचं ते धूर, धूळ किंवा तंबाखूत वर्षं काढलेल्या आणि खोकला, कफ, धाप यांपैकी काही मागे लागलेल्या माणसाला. त्यासाठी ग्रामीण रुग्णालयात एक स्पायरोमीटर आणि तो नीट चालवायला शिकलेला माणूस हवा, आणि आशाताईंच्या तक्त्यात इंधनाच्या ओळीपुढे गुण हवेत. यातल्या दुसऱ्या मागणीला तर पैसाही लागत नाही.