बेंजीचे घ्राणेंद्रिय आणि कॅडीची निरागसता

विल्यम फॉकनर यांच्या ‘द साउंड अँड द फ्युरी’ (१९२९) या कादंबरीतील बेंजीचे निवेदन म्हणजे निरागसतेचा शुद्ध आविष्कार, असे मत वारंवार मांडले जाते. ७ एप्रिल १९२८ हा बेंजीचा तेहतिसावा वाढदिवस. परंतु त्याची जाणीव बालकाचीच आहे. त्याला कार्यकारणभाव उमगत नाही. उमगतात ते गंध, उजेड आणि थंडी. त्याला बहिणीच्या, कॅडीच्या अंगाला झाडांचा वास येतो. तो वास नाहीसा झाला की तो रडू लागतो. त्यावरून त्याचे घ्राणेंद्रिय हा जणू नीतीचा निकष ठरवला जातो. हे वाचन भाबडे आहे. शिवाय ते कॅडीवर अन्याय करणारे आहे.

तीन प्रसंग एकापुढे एक ठेवून पाहावेत. चौदा वर्षांची कॅडी अत्तर लावते, बेंजी रडतो, ती अंग धुते आणि अत्तराची बाटली डिल्सीला देऊन टाकते. पुढे झोपाळ्यावर चार्लीबरोबर असताना बेंजी येतो. ती घरी धावत येऊन साबणाने तोंड धुते. तिसऱ्या वेळी, कौमार्यभंगानंतर, तो तिचे कपडे ओढत तिला न्हाणीघराकडे रेटू लागतो. या वेळी पाण्याचा उपयोग नसतो. गंधाची ही मागणी दर वेळी अधिक कठोर होत जाते. ती पुरी करायची, तर कॅडीने मोठे होता कामा नये.

क्वेंटिनच्या निवेदनात हनिसकलचा दर्प असाच दाटून येतो. घराण्याच्या अब्रूची भाषा त्याला अवगत आहे, बेंजीला नाही. हा भेद महत्त्वाचा खरा, तथापि कॅडीच्या वाट्याला येणारे ओझे त्यामुळे हलके होत नाही. गोठलेल्या पाण्याचा तुकडा बेंजीच्या गालाला लावून थंडी म्हणजे काय हे त्याला सांगणारी कॅडीच होती. त्याच्या संवेदनविश्वाला नावे देणाऱ्या या मुलीला मात्र चार भागांच्या या कादंबरीत स्वतःचे निवेदन नाही. तिच्या निरागसतेचा हिशेब भाऊच मांडतात.

बेंजीचे समाधान नीतीशी कितपत निगडित आहे, हे शेवटचा प्रसंग दाखवतो. जेफरसनच्या चौकात लस्टर घोडागाडी पुतळ्याच्या डावीकडून नेतो आणि बेंजी आकांत मांडतो. धावत येऊन गाडी वळवतो तो जेसन, कॅडीने मुलीसाठी पाठवलेले पैसे वर्षानुवर्षे लाटणारा. तो लस्टरला आणि बेंजीलाही मारतो. गाडी नेहमीच्या बाजूने जाऊ लागते, घरे आणि खांब ठरल्या क्रमाने सरकू लागतात, आणि बेंजी शांत होतो.