भिंतीला ठोकलेली आगगाडी

सिन्नरला रेल्वे नाही. गाडी धरायची तर मोहदरी घाट उतरून नाशिकरोडला जायचं, तीसेक किलोमीटर. पुणे-नाशिक रेल्वे आपल्या गावावरून जाणार हे आम्ही इतकी वर्षं ऐकलं, की काहींनी मनातल्या मनात स्टेशनची जागासुद्धा ठरवून टाकली होती. मग नारायणगावजवळच्या खोडदच्या जीएमआरटी दुर्बिणींचा प्रश्न निघाला आणि मार्ग शिर्डीकडून न्यायची भाषा सुरू झाली. असो. तो वेगळा विषय आहे आणि त्यावर लिहायला लागलो तर रक्तदाब वाढतो.

पण सिन्नरला रेल्वे कधी नव्हतीच असं मात्र नाही. एक होती. एका भिंतीला बारा फूट, दुसऱ्या भिंतीला आठ फूट. गेल्या दिवाळीनंतर आम्ही चौघांनी मिळून ती करवतीने कापली.

हे वाचणाऱ्यांपैकी निम्मे नातेवाईक आहेत, आणि 'तुमचं ते आगगाडीचं खूळ' या शब्दांत या विषयाचा निकाल त्यांनी पूर्वीच लावलेला आहे. तरी लिहितो, कारण या बाबतीत माझं आता एक ठाम मत झालंय आणि ते व्हायला अकरा वर्षं लागली. मत असं, की खेळण्यातली रेल्वे (आम्ही 'मॉडेल' म्हणतो, घरचे खेळणं म्हणतात) कधीही एकाच्या घरात, एकाच्या भिंतीला ठोकून बांधू नये. तुकड्यातुकड्यांत बांधावी. ज्याचा तुकडा त्याच्या घरी.

सुरुवात पुण्यात झाली. कोथरूडला संगम प्रेसजवळ भाऊ जोशींचं मिनिएचर रेल्वेचं म्युझियम आहे, १९९८ सालापासून लोकांसाठी खुलं. एक अख्खं गाव, त्यात सर्कस, पोहण्याचा तलाव, पूल, आणि या सगळ्यातून धावणाऱ्या गाड्या. मी २०१३ मध्ये पुतण्याला दाखवायला म्हणून गेलो होतो. पुतण्या दहा मिनिटांत भूक लागली म्हणायला लागला. मी हललो नाही. शेजारी एक वयस्कर गृहस्थ उभे होते, तेही हलत नव्हते. खेळ संपल्यावर ते आपल्याशीच बोलल्यासारखे म्हणाले, "सिग्नल लाल असताना गाडी थांबते. बरं केलंय." बोलणं निघालं तर गृहस्थ सिन्नरचेच, आमच्या दोन गल्ल्या सोडून राहणारे. तेच आमचे काका.

काका रेल्वेतून गार्ड म्हणून निवृत्त झाले. २०२२ पासून गार्डला 'ट्रेन मॅनेजर' म्हणतात, हे काकांना अजून पटलेलं नाही. "मॅनेजर बँकेत असतो," म्हणतात. आमच्यातले तिसरे म्हणजे सर, शाळेत चित्रकला शिकवायचे. चौथा वाइंडर, मोटारी रिवाइंड करून देतो. मी माळेगाव एमआयडीसीत टूलरूममध्ये, म्हणजे मिलिमीटरचा शंभरावा भाग हे माझं पोट. चौघांचं वय, पगार, जात, पक्ष, काहीच जुळत नव्हतं. रविवारी संध्याकाळी काकांच्या वाड्यातल्या मागच्या खोलीत जमायचं, एवढंच.

इथे थोडं तांत्रिक सांगायला हवं, त्याशिवाय पुढची भांडणं कळायची नाहीत. आमची गाडी एचओ मापाची, म्हणजे खऱ्याच्या सत्त्याऐंशीपट लहान. या मापाचे रूळ जगभर १६.५ मिलिमीटर अंतराचे मिळतात, कारण ते युरोप-अमेरिकेच्या रेल्वेला बेतलेले. आपला ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरचा. त्याला ८७ ने भागा, उत्तर येतं १९.३. म्हणजे आपला डबा बरोबर मापात केला तर तो त्या रुळांवर पाय जुळवून उभ्या राहिलेल्या माणसासारखा दिसतो. हे मी पट्टीने मोजून दाखवलं तेव्हा सर म्हणाले, "तीन मिलिमीटर कोण बघतंय?" मी म्हटलं, मी बघतोय. यावर पहिली दोन वर्षं गेली. शेवटी बाजारचे रूळ वापरले, कारण १९.३ चे सगळे रूळ हाताने बांधायला मला निवृत्तीपर्यंत वेळ लागला असता.

काकांना हवा होता कसाऱ्याचा घाट. कसारा ते इगतपुरी जेमतेम पंधरा-सोळा किलोमीटर, पण चढ सदतीसास एक. त्यासाठी गाडीला मागून जादा इंजिनं लावायची, बँकर म्हणतात त्यांना, आणि इगतपुरीला सोडवायची. काकांची अर्धी नोकरी हा प्रकार शेवटच्या डब्यातून बघण्यात गेलेली. आता हिशेब बघा. एका रुळावरून दुसरा रूळ न्यायचा तर निदान आठ सेंटिमीटर चढावं लागतं, आणि सदतीसास एक या दराने आठ सेंटिमीटर चढायला जवळजवळ तीन मीटर, म्हणजे दहा फूट लागतात. आणि डबा? साडेचोवीस सेंटिमीटरचा. वीस डबे जोडले तर पाच मीटर, गाडी खोलीबाहेर. म्हणून आमची पंचवटी एक्स्प्रेस तीन डब्यांची होती, आणि तिलाही मागून बँकर लावलेला. तीन डब्यांना बँकर! खऱ्या रेल्वेवाल्याने हसून जीव दिला असता, पण काका अतिशय गंभीरपणे लावायचे. पुढचं आणि मागचं इंजिन एकाच वेगाने चाललं नाही तर मधले डबे वळणावर बाहेर फेकले जातात. दोन्ही इंजिनांचा वेग जुळवण्यात वाइंडरचे कित्येक रविवार गेले.

आणखी एक. शेवटच्या डब्याला 'एल. व्ही.' लिहिलेली पाटी असल्याशिवाय काका गाडी सोडूच द्यायचे नाहीत. लास्ट व्हेइकल. खऱ्या गाडीला ती असते, कारण गाडी स्टेशनातून जाताना ती पाटी दिसली म्हणजे गाडी अख्खी आली, मागे वाटेत डबा सुटलेला नाही, हे कळतं. आमची पाटी नखाएवढी, सरांनी एका केसाच्या ब्रशने लिहिलेली.

बाकी सामान सगळं सिन्नरचं. परदेशी झाडं, परदेशी खडी घेण्याची ऐपत नव्हती. एक इंजिनच कर धरून एवढ्याला पडतं की त्याचा आकडा मी इथे लिहिणार नाही (वर नातेवाईकांचा उल्लेख केलाच आहे). झाडं तुळशीच्या वाळक्या काड्यांची, पानांना रंगवलेला लाकडाचा भुसा. रुळांखालची खडी म्हणजे खडी क्रशरवरची भुकटी, दोनदा चाळलेली. ती पसरून वर पाण्यात कालवलेलं फेव्हिकॉल ड्रॉपरने सोडायचं, त्यात भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब टाकायचा, नाहीतर पाणी वरच्या वर मोत्यासारखं राहतं आणि खडी तरंगते. डोंगर थर्माकोल आणि प्लास्टरचे. सरांनी त्यांना असे काळे आडवे थर दिले होते, की सह्याद्री पाहिलेला माणूस खोलीत शिरला की न सांगता 'घाट' म्हणायचा.

अमेरिकेत एमआयटी या विद्यापीठात १९४६ पासून मॉडेल रेल्वेचा क्लब आहे. संगणकवाले जो 'हॅक' शब्द वापरतात तो तिथल्या पोरांनी रुळवला असं मानतात. तिथेही दोन गट होते म्हणे. एक फळीच्या वर घरं-झाडं-गाड्या करणारा, दुसरा फळीखाली वायरींत लोळणारा. हे वाचलं तेव्हा मला फार बरं वाटलं. आमच्याकडे वर सर, खाली वाइंडर. आणि सगळ्यात मोठं भांडण त्या दोघांचंच झालं. गाडी फिरवून त्याच रुळावर परत आणायची म्हणून सरांनी टोकाला एक फुग्यासारखं वळण काढलं. तसं केलं की डावा रूळ फिरून उजव्याला येऊन मिळतो. एकात प्लस, एकात मायनस, झालं शॉर्ट. उपाय सोपा आहे, वळणाच्या दोन्ही टोकांना रूळ कापून मधला भाग वेगळा करायचा आणि त्याला उलटसुलट करणारं बटण द्यायचं. पण तिथे सरांनी ओढा केला होता, वर पूल. "माझ्या पुलाला करवत लावायची नाही." वाइंडर म्हणाला, "मग गाडीला पोहायला शिकवा." आणि निघून गेला.

पुढच्या रविवारी तो आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. आम्ही म्हटलं, रुसलाय, येईल. गाडी चालतच होती ना. ते वळण सोडून बाकी सगळं चालू होतं. दोन महिने गेले. मग बाजारात मला त्याच्या दुकानाशेजारचा पानवाला भेटला, त्याच्याकडून कळलं की वाइंडरची आई अंथरुणाला खिळून होती आणि मागच्याच आठवड्यात गेली. नाशिकला दवाखान्याच्या रोजच्या खेपा, रात्री तोच उशाशी. आम्ही तिघं हादरलो. सहा वर्षं दर रविवारी भेटत होतो आणि तिघांपैकी एकालाही त्याचं घर माहीत नव्हतं. दुकान माहीत होतं. फोन करायला काय झालं होतं? काही नाही. गाडी चालत होती म्हणून केला नाही, हे खरं उत्तर आहे.

दहाव्याला गेलो. सर घाटावर त्याच्याजवळ जाऊन म्हणाले, "पूल कापला मी." दुसरं काही बोलले नाहीत. आधल्या रात्री खरंच कापला होता.

आणि मग वाडा. काकांच्या भावांमध्ये वाटणी झाली, मागची बाजू पाडायची ठरली. कोणाची चूक नाही. पण लेआऊट हलवायचा कसा? खोलीचं दार अडीच फुटी. फळी भिंतीत ब्रॅकेट मारून, बोल्ट कसून, सलग घातलेली. आणि ते ब्रॅकेट मारायचा आग्रह माझा होता, हे इथे कबूल करतो. टेबल अर्धा मिलिमीटर हलतं म्हणून मी सगळ्यांचं डोकं खाल्लं होतं. काका तेव्हा म्हणाले होते, "अरे, उद्या काढायचं झालं तर?" मी म्हटलं, कशाला काढायचंय, काका!

काढायचं झालं. रूळ पुष्कळसे वाचले; गरम पाणी शिंपडलं की फेव्हिकॉल सुटतं आणि खडी खरवडता येते. सांधे वाचले, इंजिनं, डबे, सिग्नल वाचले. तुळशीची झाडं काकूंनी बुटाच्या खोक्यात भरून ठेवली. घाट गेला. प्लास्टर भुगा होऊनच निघतं. पहिला घाव कोणी घालावा यावर आम्ही तिघं एकमेकांकडे बघत राहिलो, तर अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या काकांनी माझ्या हातातून करवत घेतली. "आण इकडे. गाडी कधीतरी यार्डात जातेच." थोडं कापल्यावर दम लागला तेव्हा वाइंडरकडे दिली.

तर, तुकडे. ही काही माझी अक्कल नाही. अमेरिकेत १९७०च्या दशकात एनट्रॅक म्हणून पद्धत निघाली: प्रत्येकाने चार फूट बाय दोन फुटांची फळी आपल्या घरी करायची, वर काय वाटेल ते गाव वसवा, फक्त दोन्ही कडांना रूळ ठरल्या जागी आले पाहिजेत. मग कोणाचीही फळी कोणाच्याही फळीला जुळते. आम्ही ठरवलंय चार फूट बाय दीड, म्हणजे रिक्षात आडवी बसते. जमिनीपासून तीन फूट उंच, रूळ पुढच्या कडेपासून सहा इंचांवर, बोल्टची भोकं एकाच पट्टीने पाडलेली. ती पट्टी मी टूलरूममध्ये करून घेतली; माझ्या मिलिमीटरच्या वेडाचा निदान एवढा उपयोग.

सर विरोधात आहेत आणि त्यांचं म्हणणं चुकीचं नाही. सांधा दिसतो. दर चार फुटांवर डोंगराला चीर. घाटाचं ते एकसलग वळण चार फुटांत बसत नाही ते नाहीच. आणि जोशींचं म्युझियम सलगच आहे, इतकी वर्षं चालतंय, असंही ते म्हणतात. पण त्याला स्वतःची जागा आहे, तिकीट आहे, सांभाळणारी माणसं आहेत. आपल्यासारख्यांचं रूळ घालणं कोणाच्या तरी वाड्यात, कोणाच्या तरी लग्नाच्या, वाटणीच्या, बाळंतपणाच्या मध्ये येतं. शिवाय माझं खरं कारण वेगळं आहे, ते मी सरांना सांगितलंय. भिंतीला ठोकलेली गाडी एखादा माणूस आला नाही तरी चालते. चार फळ्यांपैकी एक आली नाही तर चार फुटांचा खड्डा पडतो, आणि तेव्हा कोणाला तरी फोन करावाच लागतो.

मागच्या रविवारी पहिल्यांदा चारही जोडल्या, शाळेच्या हॉलमध्ये. पाऊण तास एक सांधा जमेना. माझाच होता, दीड मिलिमीटर वर. सर काही बोलले नाहीत, नुसते हसले, ते जास्त लागलं. मग वाइंडरने करंट सोडला आणि पंचवटी निघाली. तीन डबे, मागे बँकर. माझ्या फळीवरून सरांच्या, सरांच्या फळीवरून वाइंडरच्या. काका शेवटच्या फळीपाशी खुर्ची टाकून बसले होते. गाडी समोरून गेली, ते वाकून मागून बघत राहिले आणि म्हणाले, "थांबवा. पाटी कुठाय?"

पाटी खोक्यात होती, झाडांबरोबर. काढून चिकटवली आणि गाडी पुन्हा सुरुवातीपासून सोडली.