मंत्र्यांची ग्वाही आणि आयोगाचे दार

महाराष्ट्रातील वीज कर्मचारी, अभियंते आणि अधिकारी यांच्या तीसहून अधिक संघटनांनी जानेवारी २०२३ मध्ये ७२ तासांच्या संपाचे हत्यार उपसले आणि चोवीस तास उलटण्याच्या आत ते म्यानही केले. तत्कालीन उपमुख्यमंत्री व ऊर्जामंत्री देवेंद्र फडणवीस यांनी ४ जानेवारीला सह्याद्री अतिथिगृहात संघटनांच्या प्रतिनिधींशी चर्चा केली. सरकारी वीज कंपन्यांच्या खासगीकरणाचा विचार नाही, उलट तीन वर्षांत त्यांत ५० हजार कोटी रुपये गुंतवले जातील, अशी ग्वाही त्यांनी दिली. 'मेस्मा'चा बडगा उगारणारे सरकार आणि अंधाराचा इशारा देणाऱ्या संघटना या दोघांचीही त्यामुळे सुटका झाली. मूळ प्रश्नाची मात्र झाली नाही.

संपाचे निमित्त होते अदानी समूहातील कंपनीने मागितलेल्या समांतर वितरण परवान्याचे. भांडुप, मुलुंड, ठाणे, नवी मुंबई, पनवेल, तळोजा, उरण हा महावितरणच्या दृष्टीने हुकमी उत्पन्नाचा पट्टा. येथील उद्योग आणि व्यापारी आस्थापना चढ्या दराने वीज घेतात, बिलेही वेळेवर भरतात. त्यांच्याकडून मिळणाऱ्या जादा रकमेतून ग्रामीण भागातील आणि दुर्बल घटकांच्या विजेचा भार काही प्रमाणात उचलला जातो. यालाच 'क्रॉस सबसिडी' म्हणतात. हे ग्राहक दुसऱ्या कंपनीकडे गेले, तर महावितरणकडे उरतील ते खर्चिक आणि कमी परतावा देणारे ग्राहक. मग तूट भरून काढायची कोणी? एक तर उरलेल्या ग्राहकांनी, नाही तर सरकारी तिजोरीने. म्हणूनच हा प्रश्न केवळ कर्मचाऱ्यांच्या नोकऱ्यांपुरता नव्हता.

परंतु खरी मेख कायद्यात आहे. २००३च्या वीज कायद्यातील कलम १४ नुसार एकाच क्षेत्रात एकाहून अधिक कंपन्यांना, त्यांनी स्वतःची वितरण यंत्रणा उभारावी या अटीवर, परवाना देता येतो. तो देण्याचा अधिकार मंत्र्यांचा नव्हे, तर वीज नियामक आयोगाचा. राजकीय हस्तक्षेपापासून दर आणि परवाने दूर राहावेत, या हेतूनेच ही रचना झाली. कलम १०८ खाली राज्य सरकार लोकहिताच्या बाबींत आयोगाला धोरणात्मक निर्देश देऊ शकते; पण त्यापुढे मंत्र्यांचा शब्द चालत नाही. 'खासगीकरण करणार नाही' हे आश्वासन अक्षरशः पाळले गेले, तरी समांतर परवान्याचा मार्ग मोकळाच राहतो.

मंत्र्यांच्या शब्दाचे आयुष्य किती, हे उत्तर प्रदेशाने दाखवून दिले आहे. तेथे पूर्वांचल वीज वितरण निगमाच्या खासगीकरणाविरोधात कर्मचारी रस्त्यावर उतरले, तेव्हा ६ ऑक्टोबर २०२० रोजी मंत्र्यांच्या समितीने लेखी करार करून प्रस्ताव मागे घेतला. नोव्हेंबर २०२४ मध्ये तोच विषय, दक्षिणांचल निगमासह, पुन्हा पुढे आला. चंडीगडमध्ये फेब्रुवारी २०२२च्या संपाने शहर अंधारात गेले, नागरिक हवालदिल झाले आणि उच्च न्यायालयाला दखल घ्यावी लागली. तरीही फेब्रुवारी २०२५ मध्ये तेथील वीजपुरवठा खासगी कंपनीच्या हाती गेला. महाराष्ट्रातही ऑक्टोबर २०२५ मध्ये वीज कर्मचाऱ्यांवर पुन्हा संपाची वेळ आली.

दुसरी बाजूही नजरेआड करता येणार नाही. आजही ज्या कंपनीला लोक सवयीने 'एमएसईबी' म्हणतात, तिच्याविषयी ग्राहकांच्या मनात राग आहे. वारंवार जाणारी वीज, चुकीची बिले, न उचलले जाणारे दूरध्वनी यांचा अनुभव घेतलेल्या ग्राहकाला स्पर्धेचे आकर्षण वाटणे स्वाभाविकच. मुंबईच्या उपनगरांत टाटा आणि तत्कालीन रिलायन्स यांच्यात निवड करण्याची मुभा ग्राहकांना २००९ मध्ये मिळालीही होती. मात्र तेथेही कोणाचे ग्राहक कोणी पळवले आणि अधिभार कोणी भरायचा, यावरून वाद झालेच. स्पर्धा आली म्हणून गरिबाच्या विजेचा खर्च नाहीसा होत नाही. तो फक्त दुसऱ्याच्या बिलावर चढतो.

कामगार संघटनांची अडचण येथेच आहे. मंत्री, आमदार, खासदार यांना निवेदने देणे त्यांना चांगले जमते. लोकप्रतिनिधींवर दबाव हवाच; कारण कायदा बदलणे, कंपनीची थकीत अनुदाने चुकती करणे आणि रिक्त पदे भरणे त्यांच्याच हाती आहे. पण परवान्यासाठी अर्ज करणाऱ्याला कलम १५ नुसार जाहीर सूचना द्यावी लागते आणि त्यावर तीस दिवसांत कोणालाही हरकत घेता येते. सह्याद्रीवरील बैठकीला ग्राहक नव्हता. आयोगासमोर तो असू शकतो. मात्र हरकतीच्या अर्जावर त्याची सही हवी असेल, तर त्याआधी त्याच्या घरची वीज वेळेवर सुरू झाली पाहिजे. सार्वजनिक सेवेच्या रक्षणाची सुरुवात तेथूनच करावी लागेल.