आधी इजाजत, मग नसीहत



चार वर्षांपूर्वीची ईद आम्हाला अजून आठवते. नमाज झाली, गळाभेटी झाल्या, घरात शीरखुर्म्याचे वाडगे फिरू लागले. धाकटा भाऊ बायको-मुलांना घेऊन आला होता, सोबत त्याचे सासरेही होते. बोलता बोलता त्याच्या किराणा दुकानाचा विषय निघाला. तो उधारीवर माल देतो आणि वही लिहीत नाही, हे आम्हाला ठाऊक होते. कित्येक दिवस मनात साचलेले आम्ही तिथेच ओतले. उधारीचा व्यवहार लिहून ठेवावा, ही सूरह बकरातील (२:२८२) आज्ञाही सर्वांसमोर ऐकवली. आमचे एकही वाक्य खोटे नव्हते. भावाने अर्धा वाडगा खाली ठेवला आणि "भाईजान, येतो आम्ही" म्हणून तो उठला.

पुढे तो येत-जात राहिला, पण दुकानाबद्दल आमच्याशी चकार शब्द बोलला नाही. वर्षभराने दुकान डबघाईला आल्याची बातमी आम्हाला बाहेरच्या माणसाकडून कळली. आधी कळले असते, तर हातभार लावला असता. पण आम्हाला कळू नये, अशी व्यवस्था त्या ईदच्या दिवशी आम्हीच करून ठेवली होती.

सूरह नूर आपण अनेकदा वाचतो. दुसऱ्याच्या घरात परवानगी घेतल्याशिवाय आणि सलाम केल्याशिवाय जाऊ नका, आणि परत जा म्हटले तर परत फिरा, अशी शिकवण तिथे आहे (२४:२७-२८). पुढे तर घरातल्या घरातही तीन वेळा अशा सांगितल्या आहेत, की मुलांनीसुद्धा विचारूनच आत यावे: फजरच्या आधी, दुपारच्या विश्रांतीला आणि इशानंतर (२४:५८). माणूस कपडे सैल करून, सावरलेला नसताना बसलेला असतो, म्हणून ही काळजी. मग ज्याचे मन सावरलेले नाही, त्याच्या मनात आपण खुशाल घुसावे काय? घराच्या दाराला हा अदब आहे, तर मनाच्या दारालाही असायला हवा, असे आम्हाला वाटते.

नसीहत करणे चुकीचे आहे, असे कोणी समजू नये. दीन म्हणजे भले चिंतणे, ही हजरत तमीम दारी (रजि.) यांनी कथन केलेली हदीस सहीह मुस्लिममध्ये आहे. मुसलमानाचे मुसलमानावर जे हक्क सांगितले आहेत, त्यांत एक असा, की त्याने सल्ला मागितला तर भला सल्ला द्यावा. मागणाऱ्याला सल्ला देणे हे कर्तव्यच आहे. ज्याने मागितला नाही, त्याला निदान विचारावे तरी.

आता विचारायचे कसे? "राग मानू नकोस, पण…" हे विचारणे नव्हे. तिथे एक पाय उंबऱ्याच्या आत पडलेलाच असतो. चारचौघांत विचारणेही खरे नव्हे, कारण लोकांसमोर नाही कोण म्हणेल? एकांत गाठावा, विषय सांगावा आणि वेळ त्याच्यावर सोडावी: "तुझ्या दुकानाबद्दल थोडे बोलायचे होते. आत्ता ऐकशील, की पुन्हा कधी?" सुनेशी, तरुण मुलाशी बोलतानाही हेच. वयाने मोठे असलो, म्हणून किल्ली आपल्या हाती येत नाही.

आणि तो "नको" म्हणाला तर? हजरत अबू मूसा (रजि.) यांनी हजरत उमर (रजि.) यांच्या दारी तीन वेळा परवानगी मागितली, ती मिळाली नाही, तेव्हा ते परत फिरले. पैगंबर (स.) यांनी तसेच शिकवले होते. परत फिरण्याची तयारी नसेल, तर आपण परवानगी मागत नसतो, हुकूम सोडत असतो.

एक गोष्ट मात्र विसरू नये. घराला आग लागली असताना दार ठोठावत कोणी थांबत नाही. कोणी बहिणीचा वारसाहक्क गिळत असेल, मजुराची मजुरी अडवत असेल, बायकोवर हात उगारत असेल, तर तिथे जुलूम करणाऱ्याच्या परवानगीची वाट पाहायची नसते.

गेल्या रमजानमध्ये भावाने पुन्हा छोटे दुकान टाकले. उधारी पुन्हा सुरू झालेली दिसली. या वेळी आम्ही त्याला एकटे गाठून विचारले. तो म्हणाला, "भाईजान, आज नको." जिभेच्या टोकावर आलेले शब्द गिळणे रोजा धरण्यापेक्षा अवघड गेले. आठ दिवसांनी तरावीहनंतर तो स्वतःच मशिदीच्या पायऱ्यांवर थांबला होता. "त्या दिवशी काय म्हणत होता?" त्याने विचारले. आम्ही तेच सांगितले, जे चार वर्षांपूर्वी सांगितले होते. तो ऐकत राहिला. मग म्हणाला, "वही कशी मांडायची, तेवढे दाखवा."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघे वही घेऊन बसलो.

अल्लाह आपल्याला खरे बोलण्याची हिंमत देवो आणि ते बोलण्याआधी थांबण्याचा सब्रही देवो. आमीन.