बायकांचा सेंट

गेल्या डिसेंबरात तुळजापूरला चुलतभावाचं लग्न होतं. पंगतीत शेजारी बसलेल्या नात्यातल्या एका मामांनी घास अर्ध्यावर थांबवला, माझ्या कॉलरजवळ नाक आणलं आणि अख्ख्या ओळीला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "काय रं, बायकांचा सेंट मारलास व्हय?"

पंगत हसली. मीही हसलो. पंगतीत न हसणं हा जास्त मोठा गुन्हा. पण त्या वेळी मामांच्या पंजाच्या मागच्या बाजूला मांडवाच्या दारात लावलेलं गुलाबाचं अत्तर होतं. मला ते स्पष्ट येत होतं. त्यांच्या हातावर गुलाब हा मान होता, माझ्या मानेवर व्हॅनिला ही थट्टा होती. फरक एवढाच, की माझा वास ज्या खोक्यातून आला त्यावर 'फॉर विमेन' छापलेलं असतं. आणि मामांनी ते खोकं पाहिलेलंही नव्हतं!

माझं म्हणणं असं, की बाटलीवर 'बायकांसाठी' लिहिणं ही थाप आहे. आणि ही थाप पुरुषांना थट्टेपुरतीच भोवते, खरी महाग पडते ती बायकांना. कसं, ते पुढे सांगतो.

हे मी बाहेरून बोलत नाहीये. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी, हिंजवडीत, एका ऑनलाइन दुकानाचं कॅटलॉग बांधणाऱ्या टीममध्ये मी होतो. प्रत्येक वस्तूच्या नोंदीत 'जेंडर' नावाचा रकाना होता आणि तो रिकामा सोडता येत नसे. चादरीलाही नाही. चादरींना आम्ही 'युनिसेक्स' टाकून मोकळे झालो. परफ्यूमला तसं टाकलं की तो पुरुषांच्या यादीतही दिसेना आणि बायकांच्या यादीतही दिसेना. मी बगचं तिकीट काढलं. उत्तर आलं, विक्रेत्यांना दोन्हीपैकी एक निवडायला सांगा. तो नियम कोडमध्ये लिहिणारा मीच. म्हणजे उद्या कुणी विचारलं की हे कोण ठरवतं, तर कुणी शास्त्रज्ञ किंवा ऋषी नव्हे, शुक्रवारी संध्याकाळी घरी जायची घाई झालेला एक पोरगा ठरवतो.

लावायला सुरुवात झाली ती फुकटात. पाच-पाच मिलीचे डिकँट विकणाऱ्या एकाने माझ्या पार्सलमध्ये शॅनेल नंबर ५ चं सॅम्पल टाकलं होतं. अर्नेस्ट बो यांनी १९२१ साली केलेलं, जगातलं बहुधा सगळ्यात प्रसिद्ध 'बायकांचं' परफ्यूम. मला वाटलं होतं फुलं येतील. आधी आला नुकत्याच विझलेल्या मेणबत्तीचा वास, मग साबणाचा, मग नीळ देऊन उन्हात वाळवलेल्या, कडक इस्त्रीच्या सुती कापडाचा. फुलं होती, पण त्या कापडाच्या घडीत. त्यातल्या ॲल्डिहाइड नावाच्या रसायनांची ही करामत. मला आठवले आजोबा. पोळ्याच्या दिवशी पांढरंधोप धोतर नेसून बैलांपुढे उभे राहणारे. पॅरिसच्या बाईने विकलेल्या बाटलीत मला कळंब तालुक्यातला एक म्हातारा शेतकरी सापडला. तो दिवसभर ऑफिसात माझ्यासोबत होता आणि कुणाला काही कळलं नाही.

मग शालिमार. हे १९२५ चं, जाक गेर्लँ यांचं. सुरुवातीला लिंबाच्या सालीसारखी एक चमक येते, ती दहा मिनिटांत जाते. मागे उरतो व्हॅनिला, थोडं चामडं, थोडा धूर. इंटरनेटवर लोक त्याचं वर्णन करताना मखमल, मेणबत्त्या, रात्र असलं काय काय लिहितात. मी भूम भागातल्या खव्याच्या भट्ट्या पाहिल्या आहेत. कुंथलगिरीच्या पेढ्यांसाठी लागतो तो खवा. लोखंडी कढईत दूध आटत असतं, तळाशी किंचित लागतं, खाली लाकडाचा धूर, आणि उघड्या अंगाचा माणूस घामाघूम होऊन उलथणं फिरवत असतो. शालिमार मला त्या कढईसमोर नेऊन उभं करतं. आता सांगा, हा वास बायकी कुठून झाला? शिवाय नाव घेतलंय मुघल बादशहांच्या बागेचं. त्यातला जहांगीर तर आपल्या आठवणींत गुलाबाच्या अत्तराचं कौतुक लिहून ठेवतो. ते नूरजहाँच्या आईने शोधलं असं तोच सांगतो, आणि त्या अत्तराला नाव मिळालं 'इत्र-ए-जहांगिरी'. बाईने शोधलं, बादशहाच्या नावाने ओळखलं गेलं, आणि आज त्याच गुलाबाची बाटली घ्यायला गेलो तर सेल्समन मला प्रेमाने पलीकडच्या काउंटरकडे वळवतो.

सगळीच आवडली असं नाही. पॉयझन हे १९८५ चं, निशिगंधाचं. आपल्याकडे फुलबाजारात ज्याला गुलछडी म्हणतात तोच. मी ते पुण्याहून घरी येताना एसी बसमध्ये मारलं. दोन फवारे. इंदापूरपर्यंत शेजारच्या काकांनी तोंडावर रुमाल धरला होता, टेंभुर्णीला ते सीट बदलून गेले. चूक माझी. गुलछडी लग्नाच्या हारात असते तशी तिरडीवरही असते, आणि बंद बसमध्ये ती दोन्ही एकदम होते. मला ते परफ्यूम आवडत नाही, कारण ते दुसऱ्याला जागाच देत नाही. पण नेमका हाच स्वभाव पुरुषांच्या डिओचा असतो आणि तिथे त्याला 'स्ट्राँग' म्हणतात.

त्या डिओंबद्दल थोडं. 'मर्दानी' वास विकण्याची आपल्या देशातली रीत काय आहे? पुरुष फवारा मारतो, बाई खेचली जाते. २०११ च्या मे महिन्यात केंद्राच्या माहिती आणि प्रसारण मंत्रालयाने डिओंच्या जाहिरातींवर आक्षेप घेतला होता. त्यातून काय शिकलो? २०२२ च्या जूनमध्ये एका बॉडी स्प्रेची जाहिरात आली, तिच्यात दुकानात चार पुरुष आणि एकटी, घाबरलेली मुलगी होती आणि सामूहिक बलात्काराच्या भीतीवर विनोद केला होता. मंत्रालयाने ती यूट्यूब आणि ट्विटरवरून काढायला लावली. मोगरा लावणाऱ्या पुरुषावर पंगत हसते. ही जाहिरात बनवणाऱ्या, तपासणाऱ्या, पैसे देणाऱ्या किती जणांना आपण काय करतोय असं वाटलं असेल?

आणि गंमत म्हणजे पुरुषांच्या बाटलीतही फुलंच असतात. ज्याला 'फूजेर' म्हणतात तो पुरुषी परफ्यूमचा सगळ्यात मोठा घराणा १८८२ च्या 'फूजेर रॉयाल'पासून सुरू होतो, आणि त्याच्या मुळाशी लॅव्हेंडर आहे. १९६६ साली डिओरच्या 'ओ सोवाज' या पुरुषांच्या परफ्यूममध्ये हेडिओन नावाचं रसायन पहिल्यांदा वापरलं गेलं. ते जाईच्या कुळातल्या फुलाचा वास देतं. म्हणजे जगभरचे बाप्ये गेली साठेक वर्षं चमेली लावून फिरताहेत, फक्त त्यांना कुणी सांगितलेलं नाही. बाटली चौकोनी करायची, रंग निळा किंवा काळा द्यायचा, नावात 'स्पोर्ट' घालायचं. झालं.

जुना काळ सोज्वळ होता असं मी म्हणत नाही, पण वासाच्या बाबतीत तो कमी घाबरट होता. उमरग्याच्या पलीकडे, आता कर्नाटकात असलेल्या कल्याणीत बसून चालुक्य राजा तिसऱ्या सोमेश्वराने बाराव्या शतकात 'मानसोल्लास' लिहिला, त्यात राजाने अंगाला कोणत्या सुगंधी उट्या लावाव्यात याचं प्रकरण आहे. प. कृ. गोडे यांनी भांडारकर संस्थेत बसून ज्या जुन्या पोथ्यांवर लिहिलं, त्यांत 'गंधवाद' या सुगंधावरच्या ग्रंथाची मराठी टीका आहे. ज्या दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात नळदुर्गचा पाणीमहाल बांधला गेला, त्याच्यासाठी 'इत्र-ए-नौरसशाही' हा अत्तरांवरचा फारसी ग्रंथ लिहिला गेला. हे सगळे काय मामांच्या पंगतीत बसायला नालायक होते?

नळदुर्गवरून आठवलं. पावसाळा चांगला झाला की किल्ल्यातल्या बंधाऱ्यावरून दोन धबधबे पडतात. एकाचं नाव नर, दुसऱ्याचं मादी. शनिवार-रविवारी रील बनवणाऱ्यांची जत्रा असते. दोन्हींत पाणी एकाच बोरी नदीचं, अडवलेलं एकाच भिंतीने. मी तिथे भिजत उभ्या असलेल्या कुणालाही "तू नराखाली का मादीखाली?" असं खिजवताना ऐकलेलं नाही.

धाराशिवला ख्वाजा शमशुद्दीन गाझी यांच्या दर्ग्याचा उरूस भरतो. लहानपणी वडील मला तिथे न्यायचे. ते एसटीत वाहक होते, दिवसभर डिझेल आणि घामाच्या वासात. अत्तरवाल्यासमोर उकिडवे बसायचे. अत्तरवाला बाई का बाप्या असं कधीच विचारायचा नाही. विचारायचा, उन्हाळ्यासाठी हवंय का थंडीसाठी? हिवाळ्याला हिना, शमामा. उन्हाळ्याला खस, केवडा, मोगरा. केवढी शहाणी वर्गवारी! हवा बघून वास ठरवायचा. वडील मोगऱ्याचा फाया घ्यायचे आणि कानाच्या वरच्या घडीत खोचायचे. मे महिन्यात, बेचाळीस डिग्रीत, बसमधल्या गर्दीत तिकिटं फाडणाऱ्या माझ्या बापाच्या कानात मोगरा असायचा. त्यांना कुणी हसल्याचं मला आठवत नाही.

इथे कुणीतरी म्हणणार, दुष्काळी जिल्हा, शेतकरी आत्महत्या, आणि हा हिंजवडीत बसून शॅनेलवर लिहितोय. म्हणा. पण दुष्काळातही पानटपरीवर पाकिटाएवढा पॉकेट परफ्यूम लटकलेला असतो, आणि त्यावर काळ्या रंगात मर्दानी नाव असतं. गरीब माणसाने वास विकत घेऊ नये असा नियम नाही. त्याला दोनच रकान्यांत उभं करून विकू नये, एवढं म्हणायला पगार किती लागतो?

आता आईचं.

आपल्याकडे बायकांच्या सुगंधाचा म्हणून एक समारंभ आहे, हळदीकुंकू. दारात गुलाबपाणी शिंपडतात, हातावर अत्तर लावतात, गजरा देतात. मी पाच-सहा वर्षांचा असताना आईचं बोट धरून जायचो आणि हात पुढे करायचो. काकू हसून मलाही अत्तर लावायच्या. मग एका वर्षी आई म्हणाली, आता तू मोठा झालास, यायचं नाही. तो माझा रकाना भरला गेला तो दिवस.

मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असताना वडील गेले. आईचं बोलावणं बंद झालं. म्हणजे शेजारच्या घरी कार्यक्रम असला की तिला बोलवायचे, पण चहा गाळायला. ती आत, अत्तरदाणी बाहेर. गजरा गेला तो गेलाच. कुणी मनाई केली नाही, तिनेच माळला नाही, आणि त्याबद्दल सगळ्यांनी तिला समजूतदार ठरवलं. २०२२ च्या मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने विधवा प्रथांवर बंदीचा ठराव केला, पाठोपाठ राज्य सरकारनेही परिपत्रक काढलं. मी ते आईला मोबाइलवर वाचून दाखवलं. तिने शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "आपल्या गल्लीला पाठवलंय का?"

म्हणून म्हणतो, 'बायकांसाठी' ही थाप आहे. बाटलीवर लिहिलेल्या त्या बाईला नवरा असावा लागतो. कंपनी ते छापत नाही, आपण छापतो. मला मोगरा नको कारण मी पुरुष, तिला मोगरा नको कारण तिचा पुरुष गेला. एकाच घरातल्या दोन माणसांना एका फुलापासून दूर ठेवायला आपल्याकडे दोन वेगवेगळी कारणं तयार आहेत, आणि दोन्ही कारणं सांगणारी माणसं तीच!

पुण्यातल्या मॉलमध्ये काउंटरवरची मुलगी विचारते, "सर, कुणासाठी बघताय?" एवढं सगळं लिहिणारा मी तिला आजही सांगतो, "आईसाठी." ती खूश होऊन आणखी दोन टेस्टर काढते. लाज वाटते, पण सांगतो.

दिवाळीला घरी आलो तेव्हा माझ्या बॅगेतली शालिमारची डिकँट टेबलावर राहिली होती. दोन दिवसांनी बघितलं तर बोटभर कमी. मी काही विचारलं नाही. भाऊबीजेच्या आदल्या दिवशी कपाटातून चादर काढायला गेलो तर साड्यांच्या घडीतून खव्याची भट्टी आली. डांबरगोळ्या कुठेच नव्हत्या. अंगाला लावत नव्हती ती, साड्यांना लावत होती, मग साडी नेसत होती.

दुपारी शेजारच्या काकू आल्या. आईजवळ बसल्या, नाक आक्रसलं, म्हणाल्या, "काय गं, सेंटाचा वास येतोय?"

आईने शेंगा सोलायच्या थांबवल्या नाहीत. माझ्याकडे हनुवटीने खूण केली.

"पोराचा हाय," म्हणाली.